मधाचं बोट

ईरा, नील,

परवा व्हिडिओ कॉलवर ईराचा आवाज बसला होता. हातात भला मोठा मग धरून ती म्हणाली, "गरम पाण्यात मध घालून पितेय आजी. हेल्दी असतं ना?" मी हो म्हणाले, पण त्याच्या पाठोपाठ माझ्या तोंडून निघालं, "पाणी कोमट घे, उकळतं नको. आणि बाटलीत ओला चमचा घालू नकोस." मागून नील ओरडला, "पण का, आजी?"

त्या 'का'चं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. त्यात एक माणूस येतो आणि तो माणूस दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता. म्हणून हे लिहिते आहे. ईरा, तुझा त्यांच्याशी चांगलाच संबंध आला होता, पण तुला ते आठवणं शक्य नाही.

ते आमचे शहापूरचे घरमालक. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हणते. तुमचे आजोबा तेव्हा तानसा धरणावर नोकरीला होते आणि मी गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले होते. दोन खोल्या बघायला आम्ही आबांच्या दारात उभे राहिलो तेव्हा त्यांनी आमचं गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "जीभ दाखवा."

मी नुकतं लग्न झालेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. परक्या पुरुषाला जीभ दाखवायची? मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. तुमच्या आजोबांनी मात्र शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढली. आबांनी ती उजेडात वळवून बघितली आणि निकाल दिला, "पित्त हाय. सकाळी उपाशीपोटी मध घ्या, गार पाण्यातून. सामान कधी आणताय?"

खोल्या मिळाल्या त्या अशा, तुमच्या आजोबांच्या पित्तावर.

आबांची भातगिरणी होती. मी गेले तेव्हा ती त्यांच्या मुलाच्या हाती आली होती आणि आबा मधासाठी मोकळे झाले होते. उंच, वाळका माणूस. पांढऱ्या शर्टाला दोन खिसे, एका खिशात औषधाच्या बाटलीएवढी मधाची बाटली आणि दुसऱ्यात स्वतः तासलेली बांबूची चपटी काडी. एसटी स्टँडवर कुणी खोकलं की आबा त्याच्यापुढे जाऊन उभे राहत. "आ करा." माणूस काही विचारायच्या आत मध जिभेवर गेलेला असे. किन्हवलीला जाणाऱ्या एका कंडक्टरला त्यांनी गाडी सुटता सुटता खिडकीतून मध चाटवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्या कंडक्टरनं डबल बेल द्यायची सोडून आधी काडी नीट चाटून परत केली.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचं फडताळ होतं. त्यात बाटल्या. लोक बाटलीवर काय आहे ते लिहितात, आबा ते कशासाठी आहे हे लिहीत. 'घसा'. 'झोप'. 'भूक'. 'परीक्षा'. एका बाटलीवर नुसतंच 'राग' लिहिलेलं होतं. त्यात कारवीचा मध होता, काळसर आणि घट्ट. कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते, म्हणून तो मध आबा कुणाला सहसा देत नसत. पण त्यांची बायको, आम्ही तिला माई म्हणायचो, ती आबांवर चिडली की मागच्या खोलीत जायची, ती बाटली घेऊन ओसरीवर यायची आणि आबांच्या डोळ्यांसमोर चमचा भरून खायची. शब्द नाही बोलायची. एकदा आबा मला रिकामी बाटली दाखवून म्हणाले, "बाई, बघितलात? या मयन्यात फार रागावली ही."

माई आतून म्हणाली, "अजून उरलाय. बाटली आडवी करा नि बघा."

मध तापवणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. तापवलेला मध विष होतो, असं ते मानत. हे जुनं मत आहे, पुष्कळांचं आहे. पण आबा ते मनात ठेवणारे नव्हते. आटगावला एका लग्नात थंडीचे दिवस म्हणून पाहुण्यांसाठी मोठ्या पिंपात उकळतं लिंबू-मध-पाणी ठेवलं होतं. आबांनी पेला नाकाशी नेला, मधाचा वास ओळखला आणि पिंपासमोर हात पसरून उभे राहिले. "कुणी पिऊ नका! विष हाय, विष!" पुढचं तुम्ही डोळ्यांसमोर आणा. निम्म्या मंडपानं तोंडातलं पाणी भसकन बाहेर टाकलं. एक बाई आपल्याला चक्कर येतेय म्हणून खाली बसली. नवरीचा बाप हात जोडत आला, "आबा, कुणी घातलं हो? कुणावर संशय हाय तुमचा?"

"कुणी घातलं काय? तुमच्याच आचाऱ्यानं घातला ना मध!"

"मध ना? मध तर मीच सांगितला घालायला!"

"मग तुमीच!" आबा म्हणाले.

ते लग्न लागलं, पण नवरीच्या माहेरी आबांना पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.

आता जे खरं आहे ते नीट सांगते, कारण तुमची आई हे वाचणार. मध गरम केल्यानं विष होतं असं सिद्ध झालेलं नाही, त्याचा वास आणि गुण थोडे उणावतात, इतकंच. ओल्या चमच्यानं मात्र मध आंबू शकतो. खोकल्याला मधानं आराम पडतो हे डॉक्टरही मानतात. घसा ओला राहतो, रात्रीची ढास कमी होते. जखमांवर लावायला खास शुद्ध केलेला मध दवाखान्यांत वापरतात, स्वयंपाकघरातला नव्हे. पण शेवटी मध म्हणजे साखरच, नील. 'हेल्दी' म्हणून अर्धी बाटली पावावर ओतून खाल्ली तर ती साखरेसारखीच अंगाला लागणार. पित्त, झोप, परीक्षा आणि राग यांबद्दल मला पुरावा मिळालेला नाही. तुमच्या आजोबांचं पित्त मात्र गेलं. आबांच्या मते मधानं, माझ्या मते त्यांनी खानावळ सोडली म्हणून.

आबांना मध आणून द्यायची ती सोमी. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. तिचे वडील आबांच्या गिरणीवर भात घेऊन यायचे तेव्हापासूनची ओळख. तिच्या घरची माणसं मोहळं काढायची आणि ती डोक्यावर पाटी घेऊन दोन गाड्या बदलून शहापूरला यायची. आल्या आल्या ती आबांच्या ओसरीवर पाय पसरून बसे आणि आबा मधाची परीक्षा सुरू करत. परीक्षा घ्यायला माशी लागे. खरा मध असेल तर त्यात बुडवलेली माशी पाय झटकून उडून जाते, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांना माशीच सापडेना. सोमी कंटाळली.

"माशीला काय इचारता आबा? मला इचारा की. मी मोहळाखाली उभी व्हते."

"माशी खोटं नाय बोलत."

"बरं. मंग पुढल्या टायमाला माशीलाच सांगा मध घेऊन यायला. मी नाय येत."

आबांनी शेवटी एक माशी पकडली, बुडवली, कागदावर ठेवली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. माशीनं बराच वेळ पाय चोळले, उडाली आणि थेट आबांच्या नाकावर जाऊन बसली. सोमी इतकी हसली की तिचा पदर खाली आला. "बघा! पास केलं तुमाला!"

माशीनंतर कुत्रा. खरा मध कुत्रा खात नाही, ही दुसरी परीक्षा. ठाण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं दुकानातली मधाची बाटली भेट आणली, ती आबांनी पाहुण्यासमोरच गल्लीतल्या कुत्र्याला चाटवली. कुत्र्यानं चाटूनपुसून खाल्ली. पाहुणा चहा न घेता गेला. मग कुणीतरी खोडी काढायला सोमीचा मध त्याच कुत्र्यापुढे धरला, तर तोही त्यानं तितक्याच आवडीनं खाल्ला. आबा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "हा कुत्रा बिघडलेला हाय. हायवेच्या हाटेलातलं खातो."

मधाबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे, भाषेतसुद्धा. निवडणुकीची सभा होती. उमेदवार रंगात आला होता, "मागच्या लोकांनी तुमच्या ओठाला नुसतं मधाचं बोट लावलं!" आबा मधोमध उठून उभे राहिले. "ओ साहेब! गुळाचं म्हणा. साखरेचं म्हणा. मधाचं म्हणू नका."

"का हो आजोबा?"

"मधाचं बोट म्हंजे फसवणूक नसते. मधाचं बोट पहिलं असतं. मायच्या दुधाच्या बरोबरीनं."

उमेदवाराला काही कळलं नाही. पण समोर पाचशे लोक टाळ्या वाजवायला लागलेले बघून त्यानं पुढच्या वाक्यात गुळाचं बोट केलं.

आबा बोलले त्यात त्यांचं सगळं आलं. आमच्या गल्लीत बाळ जन्मलं की पाचवीच्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून जात. अंगठी काढून ती मधात बुडवून ठेवत, मग तोच मध अनामिकेवर घेऊन बाळाच्या ओठाला लावत. 'आबांचं बोट' असंच नाव पडलं होतं त्याला. भटजी नसले तरी चालत, आबा लागत. बाळाची वाचा गोड होते, प्रकृती धड राहते, असा त्यांचा विश्वास. नावं ठेवणारी माणसंसुद्धा पाचवीला निरोप पाठवत. तुमच्या आईनंही ते बोट चाखलं आहे. गल्लीतली कितीतरी मोठी झालेली मुलं, बँकेत, रेल्वेत, फॅक्टरीत लागलेली, आबा रस्त्यात दिसले की थांबत. आबा त्यांना नावानं ओळखत नसत. "तुला मीच चाटवला ना?" एवढंच विचारत.

आणि मग ईरा, तू झालीस.

तुमची आई बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. तोवर आम्ही त्याच गल्लीच्या टोकाला आमचं छोटं घर बांधलं होतं. माघ संपत आला होता. तू अंगानं लहानखुरी होतीस, ओंजळीत मावशील अशी. मुलांच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं: फक्त आईचं दूध. पाणी नाही, गुटी नाही आणि मध तर मुळीच नाही.

पाचवीला आबा आले, बरोबर माई. धोतर, अंगठी, वाटी, सगळं घेऊन. मी दारातच उभी राहिले, पण माझ्या आधी तुमची आई बोलली. तिनं त्यांना बसवलं आणि शांतपणे समजावलं, की मधात कधीकधी एक जंतू झोपलेला असतो. मोठ्यांच्या पोटात तो काही करत नाही. तान्ह्याच्या पोटात तो जागा होतो आणि विष तयार करतो. बाळ लुळं पडतं, त्याला दूध ओढता येत नाही, श्वास घेता येत नाही. क्वचित होतं, पण होतं.

आबा ऐकत राहिले. वाटीकडे बघत राहिले. मग ते जे बोलले ते ऐकून मी थक्क झाले.

"मग उकळून देऊ का?"

मधासाठी भरला मंडप उधळणारा हा माणूस! माईनं तोंडावर हात ठेवला. तुमची आई म्हणाली, "उकळूनही तो जंतू मरत नाही, आबा." आणि त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिनं मायेनं पुढे जोडलं, "या वर्षी नको. पुढच्या वर्षी तुम्हीच द्या. मी स्वतः बोलवीन."

"पुढल्या वर्षी," आबा म्हणाले. "बरं." अंगठी पुसून बोटात घातली आणि गेले. शहाण्यासारखं ऐकलं म्हणून आम्ही मायलेकी खूश.

महिना-सव्वा महिना गेला असेल. गुढीपाडवा. मी गच्चीत गुढी उभारून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन खाली येत होते. तुमची आई न्हाणीघरात होती. तू पुढच्या खोलीत पाळण्यात जागी होतीस आणि पाळण्यावर आबा वाकलेले होते. धुतलेलं धोतर. खुर्चीवर वाटी. अनामिका पुढे केलेली, टोकाला मध चकाकत होता आणि तू भुकेली होतीस की काय कोण जाणे, चोच उघडावी तसं तोंड उघडलं होतंस.

मी ताट टाकलं. ते कुठे पडलं ते मला माहीत नाही. मी आबांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना वाकून नमस्कार सोडून कधी हात लावला नव्हता. ते मनगट मी असं मागे ओढलं की मध माझ्या पदराला, पाळण्याच्या दोरीला लागला, जमिनीवर सांडला. तुझ्या तोंडाला नाही.

"आबा! काय करताय?"

ते गोंधळून माझ्याकडे बघत होते. "बाई, पाडवा आज."

"मग?"

"वर्ष बदललं ना. ती म्हणाली व्हती, पुढल्या वर्षी."

त्यांनी वचन मोडलं नव्हतं. पाडव्याला वर्ष बदलतं, तसं ते बदललं होतं. ते त्या दिवसाची वाट बघत होते आणि सकाळी अंघोळ करून पहिलं काम म्हणून आले होते. तुमची आई ओल्या केसांनी धावत आली, तिनं तुला उचलून छातीशी धरलं आणि ती ओरडली, "बाळाचं वर्ष, आबा! बाळाचं! तिचा पहिला वाढदिवस होईपर्यंत! मेली असती ती!"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण ती आई होती.

आबांनी वाटी उचलली आणि गेले.

दोन-तीन दिवस ते ओसरीवर दिसले नाहीत. मग माई आली. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसली, भाजी निवडायला घेतली आणि खाली मान घालून म्हणाली, "धड जेवत नायत. मधाला पण शिवले नायत."

"रागावलेत का आमच्यावर?"

"राग कसला बाई. तुमाला ठावं नाय. आमची पहिली पोर व्हती. गोरी, गुटगुटीत. रोज सकाळी यांचं बोट चाखायची. दोन-अडीच मयन्यांची झाली नि एकाएकी दूधच ओढंना. मान टाकली. इथं तेव्हा कुठला डॉक्टर? ठाण्याला न्यायच्या आधीच..." तिनं मेथीची जुडी सोडवली, परत बांधली. "यांच्या डोक्यात आता तेच बसलंय."

त्याच संध्याकाळी आबा आले. आत येईनात, पायरीवरच उभे. "बाई, तुमी इंग्रजी वाचता. तुमच्या त्या डॉक्टरलाबी इचारा. मला खरं सांगा. माझ्यानं झालं काय?"

मी वाचलं. डॉक्टरांनाही विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर गेले आणि कळलं तसं सांगितलं. हा आजार दुर्मीळ आहे. त्या काळी तान्ही मुलं वीस कारणांनी जात. त्यांच्या मुलीला काय झालं होतं हे आज जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही.

आबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे नाय असं नाय."

मी चाळीस वर्षं मुलांना वाक्यांचे अर्थ शिकवले. त्या वाक्याचा अर्थ मला बदलता येईना. "नाही आबा," मी म्हटलं, "पण आहे असंही नाही."

त्यांनी आपला उजवा हात उलटून बघितला. "तुमी हात धरलात," म्हणाले, "लई बरं केलंत."

आता तुम्हाला वाटेल, आबांनी मध सोडला. छे! चार दिवसांनी खिशात बाटली परत आली, काडी परत आली, स्टँडवर खोकणारे पुन्हा आ करू लागले. पण गल्लीत कुठे पाळणा हलला की आबा तिथे हजर. आता ते मध द्यायला जात नव्हते, मध अडवायला जात होते. पाचवीच्या घरी सकाळपासून पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. कुणाची आत्या, कुणाची मावशी पदराखाली वाटी घेऊन आली की आबा काठी आडवी धरत. 'वर्ष' हा शब्द त्यांनी टाकून दिला होता. "पहिला वाढदिस! पहिला वाढदिस झाल्याबिगर नाय!" लोक टर उडवत. "आबा, सगळ्या गावाला चाटवून आता उपास होय?" "आबा, कुठल्या कंपनीनं फोडलं तुमाला?" एका घरातून तर त्यांना खुर्चीसकट उचलून अंगणात ठेवलं. ते अंगणात बसून राहिले.

सोमीला नातू झाल्याचं कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, चला. माझं एकट्याचं ती ऐकायची नाय." आम्ही मुरबाडला गेलो, तिथून दुसरी गाडी, मग वाडीपर्यंत पायी. सोमीनं आम्हाला बघून घर डोक्यावर घेतलं. पाणी दिलं, घोंगडी टाकली, वाडीतल्या बाया गोळा झाल्या. दाराशी दोरीच्या झोळीत बाळ झोपलं होतं आणि झोळीच्या खुंटीलाच मधाची छोटी शिशी टांगलेली होती.

आबांनी शिशीकडे बोट दाखवलं. "ती काढ."

"का वो? मध हाय तो. तुमचाच लाडका, जांभळीचा."

"पोराला देऊ नको. पहिला वाढदिस व्हईपर्यंत नको."

सोमी कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "ऐकलंत का गो बायांनो! आबा म्हनतात मध नको! सगळा जलम मध मध केलात, न आता नको? माशीला इचारलात काय?"

बाया हसल्या. सोमीची सासू कोपऱ्यातून म्हणाली, "आमच्यात पयल्यापासून देतात. माज्या सगळ्या पोरांना दिला. काय नाय झालं."

मी डॉक्टरांचं सांगायला तोंड उघडलं. आबांनी मला हातानं थांबवलं. ते उकिडवे बसले होते, जमिनीकडे बघत.

"सोमे, माझी एक पोर व्हती."

सोमी हसत होती ती थांबली. लहानपणापासून ती त्या घरी येत होती, पण हे तिला ठाऊक नव्हतं. आबांनी फार सांगितलं नाही. रोज बोट द्यायचो म्हणाले. दूध ओढंना म्हणाले. "मधानं गेली का कशानं गेली, मला ठावं नाय. कुणालाच नाय. पण मला रोज इचारावं लागतं. तुला नको इचारावं लागायला."

सासूनं तोंड फिरवलं. सोमी उठली, खुंटीवरून शिशी काढली आणि पायाच्या बोटांवर उभी राहून वर आढ्याला, वाशाच्या फटीत, कुणाचा हात पोचणार नाही अशी खोचून टाकली. मग आबांना म्हणाली, "आता जेवून जा. आनि परत हितवर चालत येऊ नका. निरोप धाडला असता तरी आयकलं असतं."

"नसतंस आयकलंस," आबा म्हणाले.

"नसतं," ती म्हणाली.

ईरा, तुझा पहिला वाढदिवस आम्ही शहापूरलाच केला. तुमची आई मुद्दाम तुला घेऊन आली होती. केक होता, फुगे होते, गल्लीतली सगळी मुलं होती. आबा आणि माई आले ते मागच्या रांगेत बसले. आबांच्या बोटात अंगठी नव्हती, हातात वाटी नव्हती. औक्षण झालं, केक कापून झाला. ते उठून निघायला लागले तेव्हा तुमच्या आईनं त्यांना अडवलं.

"आबा, मी बोलवीन म्हटलं होतं. मध?"

"नाय आणला," ते म्हणाले. "तूच दे. चमच्यानं दे. माझं बोट नको."

"तुमचंच हवं."

ती ऐकेना. मी आमच्या घरातली बाटली आणली. आबा मोरीवर गेले आणि साबणानं हात धुतले, मग पुन्हा धुतले. येऊन तुझ्यासमोर वाकले. तुमच्या आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पूर्ण झालं ना?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघी हो म्हणालो तरी ते जरा थांबलेच. मग थेंबभर मध बोटाला लावून त्यांनी ते तुझ्या ओठाशी नेलं.

तू आधी तोंड वाकडं केलंस. मग चव कळली असावी. दोन्ही हातांनी ते बोट पकडलंस, तोंडात ओढलंस आणि कडकडून चावलीस.

"आई गं!" आबा ओरडले.

सगळे हसले. तुमची आई तुझं तोंड सोडवायला धावली. माई म्हणाली, "अवो, काढा की बोट! रगत येल!"

पण आबा तसेच वाकून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी बोट काढून घेतलं नाही.

"चावू दे गो," ते म्हणाले. "दात आलेत तिला."